धरता न आलेलं पाणी

माळशेज घाटाच्या उत्तरेला, हरिश्चंद्रगडाच्या कुशीतून एक ओढा पश्चिमेकडे निघतो आणि थोडं चालल्यावर त्याच्या पायाखालची जमीन संपते. तिथून तो टप्प्याटप्प्याने मुरबाड तालुक्यातल्या थितबीच्या जंगलात उतरतो. सगळे टप्पे मिळून उतार हजार फुटांच्या घरातला. खाली पोचल्यावर त्याची काळू नदी होते, म्हणून डोंगरात फिरणारी मंडळी त्याला काळू धबधबा म्हणतात. कल्याण-नगर महामार्ग इथून फार लांब नाही. पण महामार्गावरची गर्दी रस्त्याच्या कडेला गाडीच्या टपावर पडणाऱ्या धारांखालीच भिजून परत फिरते. काळूला जायचं तर एकच ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत, झाडीतून, दगडधोंड्यांवरून जावं लागतं. ज्या दिवशी धबधबा खरोखर बघण्यासारखा असतो, त्या दिवशी नेमका हा ओढा ओलांडता येत नाही. वरून, खिरेश्वरच्या बाजूने गेलं तर पाणी काठापलीकडे जाताना दिसतं, पडताना दिसत नाही. दुर्गम म्हणजे लांब, असं आपण धरून चालतो. इथलं दुर्गमपण अंतराचं नाही, वेळेचं आहे.

फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तिथे काय असतं? काळा कातळ, त्यावर पाण्याने ओढलेले फिकट पट्टे, आणि तळाशी दगडांनी भरलेली कोंड. नकाशावर मात्र धबधबा बारा महिने पडतो. नदी आटली तरी तिचं पात्र आपण नदी म्हणूनच ओळखतो. पात्रात वाळू असते, काठावर गाव असतं, घाटाच्या पायऱ्या असतात. आटलेल्या धबधब्याला ओळख पटवून द्यायला असं काहीच उरत नाही. उरतो तो नुसता कडा, आणि सह्याद्रीत कड्यांना तोटा नाही. म्हणजे ज्याला आपण जागा समजतो आणि जागेसारखं नाव देतो, तो मुळात एक काळ आहे, मृगापासून हस्तापर्यंतचा.

या काळाआधी जागेचं थोडं सांगायला हवं, कारण ही जागा साधी नाही. हरिश्चंद्रगड सुमारे 1,424 मीटर उंच. त्याच्या अंगाखांद्यावर पडणारा पाऊस तीन दिशांना वाटला जातो. उत्तरेचं पाणी मंगळगंगा आणि मुळेतून प्रवरेला आणि तिच्यातून गोदावरीला जातं. दक्षिण-पूर्वेचं पाणी पिंपळगाव जोगे धरणात अडतं, तिथून कुकडी, घोड, भीमा असं करत कृष्णेला मिळतं. आणि पश्चिमेचं पाणी काळूतून उल्हास नदीला आणि खाडीतून अरबी समुद्राला. पहिल्या दोन वाटांनी जाणाऱ्या थेंबाला समुद्र गाठायला अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत जावं लागतं. तिसऱ्या वाटेने जाणाऱ्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुरतात. एका ढगातून शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांमध्ये एवढं अंतर पडतं ते वीतभर उंचवट्यामुळे. अहिल्यानगर (पूर्वीचं नगर), पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमा इथे जवळ येतात, तेही याच उंचवट्यांच्या धोरणाने. सीमा आखणाऱ्यांनी बहुधा पाण्याचंच ऐकलं.

लांबची वाट संथ आहे आणि जवळची खडी. या फरकातूनच कडा झाला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे भेगांतून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, थरावर थर. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, टणक. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टा. पुढे सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटून गेला, पश्चिमेला समुद्र आला, आणि त्या बाजूच्या ओढ्यांना एकाएकी खूप खोलवर उडी मारायची सोय झाली. पाणी ठिसूळ थर आतून पोखरतं, वरच्या टणक थराचा आधार जातो, तो कोसळतो, कडा थोडा मागे सरकतो. मग पुन्हा तेच. आज आपण ज्याला सह्याद्रीचा कणा म्हणतो ती कड्यांची रांग एके काळी आजच्यापेक्षा पुष्कळ पश्चिमेला होती. ती पूर्वेकडे मागे हटत आली आहे, असं भूशास्त्र सांगतं. म्हणजे कोकणचे ओढे देशावरची जमीन काठाकाठाने खात चालले आहेत. धबधबा हे त्या खाण्याचं तोंड. काळूच्या माथ्यावर उभं राहून मागे पाहिलं की ओढा किती शांतपणे, जवळजवळ सपाटीवरून येतो ते दिसतं, आणि पुढे पाहिलं की पोटात खड्डा पडतो. धबधब्याने कडा शोधला नाही. कडा हे धबधब्याचंच काम आहे.

आता काळ. घाटाखालचा शेतकरी पाऊस महिन्यांनी मोजत नाही, नक्षत्रांनी मोजतो. पंचांग उघडून या नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की उंदीर, की या वर्षी म्हैस आली, हेही तो बघतो. त्यावर आपण हसावं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण तेरा-चौदा दिवसांचं हे माप धबधब्याला महिन्यापेक्षा चांगलं बसतं, कारण धबधब्याची तब्येत साधारण तेवढ्याच अंतराने पालटते.

जूनच्या 7 तारखेच्या आसपास मृग लागतो. पहिले काही दिवस कड्यावर काहीच दिसत नाही. पठारावरची माती, वाळलेलं गवत, झाडांखालचा पालापाचोळा सगळं आधी आपली तहान भागवतं. खाली मात्र धांदल उडते. शेतात पाणी साचायला लागलं की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ओढ्यांतून, बांधांवरून, भातखाचरांपर्यंत. त्याला वलगण म्हणतात. रात्री बत्त्या, टोपल्या आणि जाळी घेऊन माणसं चिखलात उतरतात. मासे अंडी घालायला वर चढत असतात आणि नेमके तेव्हाच पकडले जातात, याबद्दल हळहळणारेही आहेत. ताटातलं कालवण मात्र त्यांनाही चालतं. हा चढ कड्यापाशी थांबतो. वरच्या ओढ्यातलं आणि खालच्या नदीतलं पाणी एकच असलं तरी खालचा मासा वर जाऊ शकत नाही. कडा पाण्याला फक्त खाली जाऊ देतो.

आर्द्रात, जूनच्या शेवटी, धार दिसायला लागते. गढूळ, तांबूस, काडीकचरा घेऊन येणारी. पहिलं पाणी डोंगर धुतं, त्या पाण्याला माती असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू, म्हणजे तरणा पाऊस, आणि त्याच्यामागून पुष्य, म्हणजे म्हातारा. म्हाताऱ्याला कमी लेखू नये. या दोन नक्षत्रांत काळूच्या अंगात येतं. मधले टप्पे दिसेनासे होतात, सगळा कडा एकच धार झाल्यासारखा वाटतो, आणि बहुतेक वेळा तोही दिसत नाही, कारण दरी ढगांनी भरलेली असते. मग धबधबा फक्त ऐकायचा. पायाखालच्या दगडातून येणारा एक सलग घरघराट. त्यात कान लावून बसलं की मध्येच एखादा जड ठोका ऐकू येतो, वरून सुटलेल्या धोंड्याचा. हे दिवस लावणीचे. खाली खाचरात इरलं पांघरून वाकलेल्या बाया असतात आणि त्यांच्या पाठीमागे हा सगळा प्रताप चाललेला असतो. त्याच्याकडे वळून बघणारं कुणी नसतं. डोंगराच्या या कौतुकाला फुरसत लागते, आणि फुरसत त्या दिवसांत फक्त शहरातून आलेल्याकडे असते.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की पाणी निवळतं. आश्लेषा, मघा. धार आता पांढरी असते, टप्पे पुन्हा वेगवेगळे मोजता येतात, कातळाच्या खाचांतून तेरडा फुलतो, काठावर सोनकी पिवळी होऊ लागते. चित्रं काढणाऱ्यांचा आणि फोटो काढणाऱ्यांचा धबधबा तो हाच. उत्तरा, हस्त: हत्तीचा पाऊस एखाद्या संध्याकाळी गडगडत येतो, धार एका रात्रीपुरती पुन्हा फुगते. दिवाळीनंतर ती बारीक होत जाते. थंडीत उरतो तो कातळावरून घसरणारा ओलावा. होळीच्या आसपास तोही संपतो. आणि मग पाऊण डोंगर वणव्याच्या राखेने काळा झालेला असताना कुणी तिकडे फिरकत नाही.

पडणाऱ्या पाण्याचं गणित मजेशीर आहे. हवेचा अडथळा नसता तर 100 मीटर उंचीवरून सुटलेला थेंब खाली पोचताना ताशी 160 किलोमीटर वेगाने आदळला असता. तसं होत नाही. उंच कड्यावरून पडणारी धार वाटेत फाटते, तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे थेंब होतात, आणि थेंबाला हवा एका वेगापलीकडे जाऊ देत नाही. पावसाच्या मोठ्यात मोठ्या थेंबाचा वेग सेकंदाला 9 मीटरच्या आसपास अडतो; एक मिलिमीटरच्या थेंबाचा 4 मीटरवर. म्हणजे ताशी 32 किलोमीटरपेक्षा जोरात वारा सरळ वर वाहत असेल तर मोठ्यातला मोठा थेंबही खाली जाऊ शकत नाही. अरबी समुद्रावरून आलेला वारा कोकण ओलांडून कड्यावर धडकतो तेव्हा त्याला दुसरी वाट नसते, तो वरच चढतो. नाणेघाटाच्या आणि हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याच्या बारीक धारा पावसाळ्यात काठावरून खाली जाण्याऐवजी उलट्या उसळून माथ्यावरच्या माणसांना भिजवतात, त्याचं हे कारण. कोकणाकडे निघालेलं पाणी वारा देशावर परत पाठवतो. भरात आलेल्या काळूला मात्र असं परत फिरवता येत नाही; जाड धार फाटायच्या आत बरीच खाली गेलेली असते. उलटं फिरायला हलकं असावं लागतं.

पडल्याने पाणी तापतंही. जेम्स जूलने उष्णता आणि श्रम यांचं नातं मोजलं. 1847 मध्ये लग्नानंतरच्या सहलीवर तो आल्प्समध्ये शामोनीजवळ विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाला भेटला तेव्हा त्याच्या हातात थर्मामीटर होता आणि धबधब्याच्या वरच्या व खालच्या पाण्याच्या तापमानातला फरक त्याला मोजायचा होता, असं थॉमसनने पुढे लिहून ठेवलं. इतिहासकार त्या थर्मामीटरवर शंका घेतात. नवरी बिचारी गाडीत बसली होती, हेही त्या गोष्टीत आहे. हिशोब मात्र पक्का: 427 मीटर पडल्यावर पाणी एक अंश सेल्सिअसने तापायला हवं. काळूचे सगळे टप्पे धरले तर पाऊण अंशाच्या आसपास. प्रत्यक्षात तुषार उडतात, बाष्पीभवन होतं, आणि तळाच्या कोंडीत पाय घातला तर हाडं गारठतात. जूललाही तुषारांनीच हरवलं. ज्या धबधब्यावर तो गेला तिथलं पाणी फार फुटून उडत होतं आणि मोजणी साधली नाही. एवढी शक्ती, आणि ती मोजायला गेलं तर हाती धुरळा. मला त्या अपयशात जूलबद्दल अधिक आपुलकी वाटते.

मोजायला निघालेला आणखी एक माणूस याच डोंगरात आला होता: ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारातला विल्यम साईक्स. दख्खनची आकडेवारी गोळा करणं हे त्याचं काम. त्या कामात त्याने पक्षी, मासे, पिकं, पाऊस, हवेचा दाब, सगळ्यात हात घातला. 1835 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने दख्खनच्या हवामानावर लांबलचक निबंध लिहिला. त्यात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून खालच्या धुक्यावर दिसलेल्या पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद आहे. आपण आज त्याला इंद्रवज्र म्हणतो. सूर्य पाठीशी, खाली दरीत धुकं, आणि त्या वर्तुळाच्या मधोमध बघणाऱ्याची स्वतःची सावली. शेजारी उभ्या असलेल्याला दुसरं वर्तुळ दिसतं, त्याच्या मध्यभागी त्याची सावली. आकडे गोळा करायला आलेल्या अधिकाऱ्याला डोंगराने असं काही दाखवावं जे प्रत्येकाला वेगळं दिसतं, ही मोठी गंमत. आणि त्याने ते इमानाने, हवेच्या दाबाच्या कोष्टकांच्या सोबतीने नोंदवलं. तोच साईक्स 1828 च्या उन्हाळ्यात नाणेघाटात गेला होता. तिकडे पुढे यायचंच आहे.

धबधबा जगवतो कोणाला? शेतीला फारसं नाही. उतारावरून तो पाहतापाहता निघून जातो. पण कड्यावर पाण्याचा जो पातळ पापुद्रा सतत घसरत असतो, त्यात एक वेगळीच वस्ती आहे. पश्चिम घाटातल्या इंडिराना वंशाच्या बेडकांची पिल्लं डबक्यात वाढत नाहीत. ती ओल्या उभ्या दगडाला चिकटून, लांब शेपटीच्या आधाराने वाढतात, आणि त्यांचे मागचे पाय इतर बेडूकपिल्लांपेक्षा लवकर बळकट होतात. पाणी खोल नाही, फक्त ओलं. त्यांना तेवढंच हवं असतं. शीळकरी कस्तुर आपली घरटी पावसाळ्यातच, ओढ्याच्या आणि धबधब्याच्या आसपासच्या खबदाडांत करतो. धारेच्या गोंगाटातही त्याची शीळ ऐकू येते, कारण ती गोंगाटापेक्षा वरच्या पट्टीत असते. आणि पोडोस्टेमेसी कुळातल्या त्या विलक्षण वनस्पती: खळाळत्या पाण्याखाली दगडाला शेवाळासारख्या घट्ट चिकटलेल्या, मूळ कुठलं, खोड कुठलं, पान कुठलं ते सांगता येऊ नये अशा. पूर चढलेला असतो तेव्हा त्या फक्त वाढतात. पाणी उतरलं, दगड उघडा पडला की काही दिवसांत फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. आपण ज्या आठवड्यांत म्हणतो की आता तिथे बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांची जत्रा भरलेली असते. पुढे कोरड्या कड्यावर आग्या मोहोळं लोंबतात. म्हणजे कडा रिकामा असा कधीच नसतो.

मराठी कवितेने धबधब्यापेक्षा झऱ्यावर अधिक जीव लावला, असं मला वाटतं. बालकवींचा 'निर्झरास' शाळेत असताना सगळ्यांच्या वाट्याला येतो. तो निर्झर लहान मुलासारखा आहे, त्याच्याशी सलगी करता येते. कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचं दांडगं वर्णन शोधायला आपल्याला समर्थ रामदासांपर्यंत, शिवथरघळीपर्यंत मागे जावं लागतं. ते कवन वाचताना जाणवतं की त्यांना पाण्याचं सौंदर्य सांगायचं नव्हतं, बळ सांगायचं होतं. घळीत बसलेल्याच्या कानांवर ते अहोरात्र आदळत असणार. मधल्या शतकांत आपण धबधब्याला नाजूक करून टाकलं. आता तो मोबाइलच्या उभ्या चौकटीत मावतो, आणि त्या चौकटीसाठी काठावर गेलेली माणसं दर पावसाळ्यात जीव गमावतात. मग जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. पूर्वी कलम 144 चा निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 चा. वर पठारावर पाऊस कोसळत असताना खाली कोंडीत लख्ख उजेड असू शकतो, आणि लोंढा अर्ध्या घोट्याचं पाणी गळ्यापर्यंत आणायला काही मिनिटंच घेतो. आदेशात हे लिहिलेलं नसतं. डोंगरातल्या पोरालाही ठाऊक असतं.

पण माझ्या मनातला खरा प्रश्न गर्दीचा नाही. धबधबा बघताना आपल्याला भरपूर काही असल्यासारखं वाटतं, इतकं की संपणारच नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. धबधबा म्हणजे डोंगराला न धरता आलेलं पाणी. घाटमाथ्यावर चार महिन्यांत काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खालचा बेसाल्ट घट्ट. वरची माती पातळ. पाणी मुरायला भेगा आणि फटी तेवढ्या. उतारच असा की थांबायला सवड नाही. उरलेलं सगळं दरीत. म्हणून जिथे धबधबे सर्वांत मोठे, तिथेच चैत्र-वैशाखात हंडे सर्वांत लांब जातात. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. मुरबाडच्या वरच्या वाड्यांची गत फार निराळी नाही. आषाढात ज्या ओढ्यामुळे शाळेची वाट बंद होते, त्याच ओढ्यात मे महिन्यात वाळू उकरून, वाटीवाटीने झिरपणारं पाणी हंड्यात भरतात. त्या बाईला धबधब्याबद्दल काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर ती बहुधा हसेल.

पाणी धरायचं म्हणजे कुणीतरी कुणाचं तरी बुडवायचं, असा आपला आधुनिक अनुभव आहे. टाटांनी 1915 पासून लोणावळा-मुळशीच्या पट्ट्यात पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचं पाणी तलावांत अडवून, बोगद्यांतून आणि लोखंडी नळांतून कोकणात खाली सोडलं: आधी खोपोली, मग भिवपुरी, मग भिरा. कृष्णेच्या वाट्याचं पाणी पश्चिमेला वळवून केलेले हे धबधबेच, फक्त नळात बंद, न दिसणारे, बारमाही. त्यांच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 पासून सत्याग्रह झाला. तो हरला. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिका नदी आज उन्हाळ्यातही वाहते. कोलाडला तिच्यात रबरी तराफे सोडून पर्यटक ओरडत जातात. काळूवरही मुरबाड तालुक्यात मोठ्या धरणाचा घाट घातला गेला. घरं आणि रानं जाणाऱ्या आदिवासींनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पाणी कुणाचं हा प्रश्न धबधब्याच्या काठावर कधीच पडत नाही. तो पडतो पाणी थांबवल्यावर. टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना शेजारून काळू वाहताना दिसते. तिथे ती सपाट, मचूळ, कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याची. हीच ती, हे तिच्याकडे बघून कुणाला पटणार नाही.

आता नाणेघाट. माळशेजच्या दक्षिणेला, त्याच कड्यावर, कोकणातून जुन्नरला चढणारी ही सातवाहनांची व्यापारी वाट. वर खिंडीत पोचल्यावर एक लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. 1828 मध्ये साईक्सने त्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. यज्ञांची आणि दक्षिणेची लांबलचक यादी आहे त्यात, गायींच्या आणि नाण्यांच्या मोजणीसकट. भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांच्या नमुन्यांत तिची गणना होते. अभ्यासकांची गर्दी त्या लेखापाशी. मला मात्र त्याच्या आसपास खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या अधिक बोलक्या वाटतात. बैलांचे तांडे कड्यावर चढून येत तेव्हा त्यांना पहिलं काय लागत असेल? ज्या कड्यावरून पावसाळ्यात धारा उलट्या उसळतात त्याच कड्याच्या माथ्यावर, दोन हजार वर्षांपूर्वी, कुणीतरी छिन्नीने तेवढं पाणी थांबवून ठेवलं जेवढं वाटसरूला आणि बैलाला पुरेल. गाव बुडालं नाही, नदी वळली नाही.

हरिश्चंद्रगडावरही मंदिराभोवती अशी टाकी आहेत, जवळ पुष्करणी आहे, आणि खाली केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात उभं असलेलं प्रचंड शिवलिंग. ऐन मे महिन्यात, खाली काळूचा कडा ठणठणीत असताना, या टाक्यांत पाणी असतं. खोदणाऱ्यांनी जागा उगाच निवडल्या नाहीत. दोन थरांच्या सांध्यातून पाझर कुठे येतो, कुठल्या उतारावरचं पाणी कुठे गोळा होतं, कुठला दगड पाणी गाळून देईल आणि कुठला पिऊन टाकेल, हे त्यांनी पावसाळ्यात बघून ठेवलं असणार आणि छिन्नी चालवली असणार कोरड्या दिवसांत. काही टाक्यांना आत खांब ठेवून वर छत राखलेलं आहे, म्हणजे ऊन लागू नये, पाणी उडून जाऊ नये. त्यांच्यापुढेही तोच डोंगर होता आणि तेच चार महिने. धबधबा अडवायचा विचार त्यांच्या डोक्यात आल्याचं कुठे दिसत नाही. तो जाणारच, हे धरूनच त्यांनी बाजूला थोडंसं काढून ठेवलं.

टाकं सांभाळायला मात्र माणूस लागतो. वरून माती येते, पानं कुजतात, आता प्लॅस्टिकच्या बाटल्याही येतात. मृगाच्या आधी, पाणी सगळ्यांत खाली गेलेलं असताना, आत उतरून गाळ उपसावा लागतो. वेळ चुकली तर पहिल्या मोठ्या पावसात गाळासकट टाकं भरतं, आणि मग वर राहणाऱ्यांना पुढच्या ज्येष्ठापर्यंत तेच पाणी फडक्यातून गाळून प्यावं लागतं.